माझी धाप आणि भाऊजींचा सायलेन्सर

मी एक जुनी, फिकट राखाडी रंगाची, चार दारांची छोटी गाडी आहे. वय वर्षे अकरा. कमी पेट्रोल पिणारी, अरुंद गल्लीत मावणारी, कुणाच्या डोळ्यांत न भरणारी. मित्रांनो, मला शर्यतीची हौस कधीच नव्हती. तरीही गेल्या वर्षी माझ्या मागे एक भलामोठा चकचकीत सायलेन्सर ठोकला गेला. तो आठवला की अजून शिसारी येते. आणि विसरावे म्हटले तर माझ्या मागच्या सीटखालचा आंबूस वास विसरू देत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटात बेताचे इंजिन बसवले आणि त्याला बेताचाच श्वास दिला. एक काळी पेटी, आणि तिच्यात घड्याघड्यांचा कागदी एअर फिल्टर. बाहेरची हवा त्यातून गाळून आत यायची. तुम्हाला जसे नाक, तशी मला ती पेटी. हे नाक तेवढे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्याच्यावरूनच घडले.

मला घरी आणले वहिनींनी. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणते. घराच्या मागच्या खोलीत दोन ओव्हन, एक गुळगुळीत दगडी ओटा आणि भिंतीला टांगलेले पत्र्याचे साचे. केक करायचे आणि पोचवायचे, हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी माझी मागची सीट आडवी करून वर सपाट फळी टाकली आणि फळीवर रबराची चटई, म्हणजे खोकी घसरू नयेत. काठोकाठ भरलेले पातेले नेतात ना, तशा त्या मला चालवत. गतिरोधक आला की पुटपुटत, "हळू गं." मला म्हणत की केकला, कोण जाणे. पण मला फार बरे वाटे.

पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः मला मिस्त्रीकाकांकडे नेले. पेट्रोल पंपाशेजारच्या शेडमध्ये काका एकटेच काम करत. नवा फिल्टर बसवला की त्याच्या कडेवर पेन्सिलीने तारीख लिहायची, ही त्यांची रीत. पुढे केकची कामे वाढली, वहिनींना उसंत मिळेना, आणि माझी देखभाल त्यांच्या धाकट्या दिरांकडे आली. तेच आमचे भाऊजी.

भाऊजी म्हणजे तोंडाने नुसता कारखाना. कुठल्या इंजिनाची ताकद किती, हे झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगतील. वहिनी दर वर्षी म्हणत, "भाऊजी, हिला नीट दाखवून आणा हं." "तुम्ही काळजीच सोडा, वहिनी," असे म्हणून भाऊजी मला घेऊन निघत आणि थेट गाड्या धुण्याच्या केंद्रात नेत. तिथे तेल बदलायचे, फेस लावून आंघोळ घालायची, आरशाला अत्तराची कुपी टांगायची, झाले. मिस्त्रीकाकांकडे जायचे म्हणजे नंबर येईपर्यंत लाकडी बाकावर दिवसभर बसायचे, आणि त्याचा त्यांना कंटाळा. वरून चकचकीत आणि नाकात नऊ वर्षांची घाण. धूळ, सुकी पाने, मेलेले किडे. माझी मलाच किळस यायची. पण सांगणार कशी? माझ्याजवळ एक हॉर्न, तोही दुसऱ्याच्या हातात.

मग मला चढावर धाप लागू लागली.

टेकडीवर एक मोठे हॉटेल होते. तिथल्या व्यवस्थापकबाईंनी वहिनींना सांगितले, "आमच्या समारंभासाठी तीनमजली केक द्या. उभाच्या उभा पोचला, तर दर रविवारचे केक तुमचेच." असे कायमचे काम मिळावे म्हणून वहिनी किती वर्षे वाट पाहत होत्या, ते मी जाणते. अडचण माझी होती. क्रीम वितळू नये म्हणून एसी हवा, आणि एसी लावला की चढावर माझा जीव मेटाकुटीला येई.

वहिनी मला मिस्त्रीकाकांकडे घेऊन गेल्या. भाऊजीही सोबत आले. काकांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि थोडा वेळ नुसते ऐकले. "ताकद गेलेली नाही हिची, दम कोंडलाय," ते म्हणाले. "फिल्टरची पेटी उघडू आधी." त्यांचा हात पेटीच्या चापाकडे गेला आणि भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो काका, ते सगळं झालंय. मोठ्या सर्व्हिस सेंटरला. चारच महिन्यांपूर्वी."

"मग प्लग बघू."

"तेही झालेत."

"भाऊजी जातीने बघतात हो सगळं," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. काकांनी हात मागे घेतला. मित्रांनो, त्या क्षणी भाऊजी खोटे बोलले नसते, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. माणूस इतका भित्रा असू शकतो, याची मला चीड आली. कौतुक ऐकताना त्यांनी मान खाली घातली नाही, उलट ताठ केली.

"वहिनी, हिला आता अपग्रेड हवा," घरी जाताना ते म्हणाले. "आणि पहिला अपग्रेड म्हणजे सायलेन्सर. कुणालाही विचारा."

दोन दिवसांनी स्टिकर आणि भोंग्यांच्या एका दुकानात माझी सडपातळ नळी काढून तिथे बरणीच्या तोंडाएवढी रुंद नळी लावली. दारांवर लाल ज्वाळाही चिकटवल्या. माझा आवाज असा भसाडा झाला की गल्लीतली तान्ही मुले दचकून उठू लागली. माझ्यासारख्या छोट्या इंजिनाला अशी रुंद नळी लावली, की कमी वेगातली ओढ उलट घटते. आत यायला हवा नाही आणि बाहेर जायला राजरस्ता, असला तो शहाणपणा. भाऊजी मात्र खूश होते, कारण पेटी बंदच राहिली होती.

केकच्या दिवशी भाऊजींनी चालवायचा हट्ट धरला. वहिनी मागे, फळीशेजारी अंग चोरून, दोन्ही हात केकभोवती धरून बसल्या. चौथ्या वळणावर माझी ओढच संपली.

"एसी बंद करतो. सगळी ताकद तोच खातोय."

"भाऊजी, क्रीम आहे."

"दोनच मिनिटं, वहिनी."

आत उकाडा झाला. क्रीम सैल पडू लागले. मी बंद पडले आणि हातभर मागे घरंगळले. भाऊजी घाबरले. त्यांनी मला पुन्हा सुरू केले, माझा घसा फुटेस्तोवर अॅक्सिलरेटर दाबला आणि क्लच एकदम सोडला. मी हिसका खाऊन पुढे उडाले. वरचा मजला वहिनींच्या हातांवरून घसरला, मधला त्याच्यामागून गेला. कोपरापर्यंत क्रीममध्ये बुडालेल्या वहिनी म्हणाल्या, "थांबवा." एवढेच.

उरले ते वहिनींनी खोक्यात भरून वर नेले. हॉटेलच्या बाईंनी झाकण उघडले, पाहिले आणि हळूच परत लावले. त्यांना वाईट वाटले असावे, पण रविवारचे काम दुसऱ्याला गेले.

तिसऱ्या दिवशी सीटखाली गेलेले क्रीम नासले. मुंग्या लागल्या. त्या घाणीत बसून वहिनींनी मला स्वतः मिस्त्रीकाकांकडे नेले. भाऊजी शेजारी, नाकाला रुमाल लावून.

"काका, पेटी उघडा."

"आता कशाला, वहिनी..." भाऊजी रुमालाआडून पुटपुटले.

"उघडा, काका."

चाप निघाले. फिल्टर बाहेर आला, काळाकुट्ट, पाने आणि पंख चिकटलेला. काकांनी तो फरशीवर आपटला, कडेवरून अंगठा फिरवला, आणि पेन्सिलीची तारीख दिसली. "हे माझंच अक्षर," ते म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वीचं."

भाऊजींनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. मग भाऊजी पहिल्यांदा खरे बोलले. "तिथं बाकावर दिवसभर बसवत नाही, वहिनी."

"मी त्या केकसाठी ओट्यापाशी चार दिवस उभी होते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

काकांनी नवा फिल्टर बसवला, नवे प्लग लावले आणि माझी जुनी सडपातळ नळी परत जोडली. तासाभराचे काम. आता मी एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये, धाप न लागता तो चढ चढते. हॉटेलच्या पुढे एक शाळा आहे, तिथे वहिनी छोटे केक पोचवतात. रविवारी हॉटेलच्या फाटकात दुसऱ्या कुणाची तरी पांढरी व्हॅन उभी असते. वहिनी तिकडे बघत नाहीत. मी बघते.

मित्रांनो, आम्हाला नवे अवयव लावण्याआधी आमचे नाक तेवढे साफ करा. आणि केले नसेल, तर केले नाही असे सांगा. आम्ही रुसत नाही.

तो काळा फिल्टर वहिनींनी फेकला नाही. दाराजवळच्या ज्या खिळ्यावर माझी किल्ली असते, त्याच खिळ्यावर किल्लीच्या वर तो अडकवला आहे. किल्ली घ्यायची तर आधी तो उचलावा लागतो आणि बोटे काळी होतात. माझ्या देखभालीची वेळ आली की भाऊजी तो उचलतात, किल्ली काढतात, तो जागच्या जागी लावतात, हात धुतात, आणि मग मला मिस्त्रीकाकांकडे नेऊन संध्याकाळपर्यंत त्या लाकडी बाकावर बसून राहतात.