बिनआवाजाचा दरवाजा

मित्रांनो, दरवाजा म्हटला की भिंत आलीच. मला मात्र भिंत नाही. चित्रपटांसाठी पावलांचे, दारांचे आवाज तयार करण्याच्या एका स्टुडिओत, चाकं लावलेल्या चौकटीत मी उभा आहे. माझ्या अलीकडेही तीच खोली आणि पलीकडेही तीच. माझ्यातून कुणी घरी आलं नाही, कुणी घर सोडून गेलंही नाही. मला काम एकच होतं, करकरण्याचं.

सुताराने मला घडवलं तेव्हा माझी वरची बिजागरी तिरकी बसली. दुसऱ्या कुणी नाक मुरडलं असतं. आवाजवाल्या काकांनी मला हळूच ढकललं आणि ते म्हणाले, "याला कुणी हात लावू नका. हा काय सुंदर रडतो!" त्या वर्षी एका भयपटात पडद्यावर नुसती रिकामी खोली होती आणि माझी करकर. ना रक्त, ना भूत. तरी लोकांची पाचावर धारण बसायची. काकांची छोटी लेक तर माझा आवाज आला की आईच्या कुशीत तोंड खुपसायची.

पुढे सगळे आवाज कॉम्प्युटरवर मिळू लागले. मी कोपऱ्यात गेलो, माझ्यावर कोट आणि छत्र्या लटकू लागल्या. वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर लाकडाला सवय होते.

ती छोटी लेक मोठी होऊन दिग्दर्शक झाली. सगळे तिला ताई म्हणतात. तोच जुना भयपट पुन्हा करायचा, पण आणखी काळोखा, असं तिने ठरवलं. तिची आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. एका दुपारी माझ्याशेजारी बसून ती काकांना म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून मला काहीच वाटत नाही. रडू येत नाही, भीती वाटत नाही. ताट पुढ्यात आलं की जेवते, एवढंच. या चित्रपटाने निदान मी तरी घाबरले पाहिजे."

"आणि नाही घाबरलीस तर?"

"तर माझं काही खरं नाही, बाबा."

काकांनी माझ्यावरची एक छत्री काढली आणि पुन्हा तिथेच लटकवली. त्यांना तरी काय सुचणार?

मग शूटिंगमध्ये ताईने एकेक दिवा कमी करायचा सपाटा लावला. कॅमेरावाला रडकुंडीला आला. "ताई, नट कुठे उभाय तेच कळेना! परवा तो खुर्ची समजून माझ्याच मांडीवर बसला!" ताई हसली नाही. "अजून एक दिवा काढा," म्हणाली.

करकर मात्र माझीच हवी होती. "दरवाजा नामांकित आहे, जपा," असं स्टुडिओतल्या नव्या सुताराला कुणीतरी बजावलं. त्या भल्या माणसाने ते फारच मनावर घेतलं. मला घासलं, पॉलिश केलं, बिजागरी सरळ केली आणि वर तेलही घातलं. आवाज घ्यायच्या दिवशी काकांनी मला ढकललं. मी मुकाट्याने उघडलो. "बघा, कसा लोण्यासारखा चालतो!" सुतार कौतुकाने म्हणाला. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी करकर कॉम्प्युटरमधूनच काढली. आपला आवाज गेला, आता तरी आपल्याला वाईट वाटेल म्हणून मी वाट पाहिली. नाही वाटलं.

चित्रपट तयार झाल्यावर वितरकांना तो आमच्याच खोलीत दाखवला. काळ्यावर काळं, आणि कान किटवणारी करकर. दोघंतिघं दचकले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "तुला काही दिसतंय का रे?" संपल्यावर एक वयस्कर वितरक म्हणाले, "चालेल, चालेल. जुना पाहून माझी झोप उडाली होती. आज मात्र ढाराढूर झोपेन बुवा." बाकी सगळे हसत चहाला गेले.

ताई अंधारात बसून राहिली, आणि मागच्या खुर्चीत काका. ती घाबरली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या सामानाकडे बघावं तसं तिने आपल्याच चित्रपटाकडे पाहिलं होतं.

काका दिवा लावायला उठले. बटणं माझ्या मागच्या भिंतीवर आहेत, म्हणून ते चाचपडत पलीकडे गेले. जाता जाता जुन्या सवयीने त्यांचा हात माझ्या कडीवर पडला आणि त्यांनी मला ओढलं. मी उघडलो. कसलाच आवाज झाला नाही. पडद्याच्या उरल्यासुरल्या उजेडात ताईने मान वर केली. मघाशी बंद असलेला दरवाजा सताड उघडा होता आणि त्यात एक पांढरं डोकं.

"आई गं!"

ती अशी किंचाळली की खुर्ची उलटली. काकांची घाबरगुंडी उडाली. "अगं, मी आहे, मी! बाबा!" पण ताईच्या तोंडून तेवढंच येत राहिलं. "आई गं... आई..." आणि मग ती हमसाहमशी रडू लागली. वर्षभराचं रडणं होतं ते, लवकर कसं थांबणार? काकांनी दिवा लावला नाही. ते तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तेही रडले.

नवा चित्रपट बरा चालला. जुन्याची सर त्याला आली नाही. लोकांनी टीका केली तेव्हा ताईला चक्क राग आला, आणि राग आला म्हणून काका खूश झाले.

मित्रांनो, दरवाजांना तेल घाला, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणी "मला काही वाटत नाही" म्हणून नुसतं बसून राहत असेल, तर त्याला अंधारात सोडून चहाला जाऊ नका. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल. तिथेच जरा घुटमळा.