आधी झाकण उघडा

मित्रांनो, मी एक जुना गेमिंग संगणक आहे. यातला 'जुना' हा शब्द माझा नाही, घरच्यांचा आहे. माझं वय सहा वर्षं. तुमच्यात सहाव्या वर्षी नाक पुसायलाही दुसरं कोणी लागतं आणि तरी सगळे कौतुक करतात. आमच्यात सहाव्या वर्षी भंगारवाल्याचा नंबर शोधतात. असो. मी तक्रार करणारा नाही. फक्त माहिती देतो. ती ऐकून तुम्हांला माणसांची कीव आली, तर तो तुमचा प्रश्न.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. कारखान्यात फक्त भाग जन्मतात. संगणक जन्मतो तो कोणाच्या तरी हातून, आणि माझ्या नशिबी आलेले हात बुटक्याचे होते. बुटक्या म्हणजे माझ्या मालकिणीचा, ताईचा, धाकटा भाऊ. उंची सहा फूट एक इंच. पण घरात एकदा पडलेलं नाव उंचीला जुमानत नाही. तो रविवार होता. सोमवारी त्याचं विमान होतं, परदेशातल्या नोकरीसाठी. मंगळवारी बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं.

"दोन दिवस उशिरा गेला असतास तर आभाळ कोसळणार होतं का रे?" ताईने विचारलं.

"त्यांनी तारीख दिलीय, ताई. मी काय करू?"

"काही करू नकोस. स्क्रू पिळ."

तो मान खाली घालून स्क्रू पिळत राहिला. जाताना बहिणीला काहीतरी भारी देऊन जायचं, म्हणून मी. मन खाऊ लागलं की माणसं वस्तू देतात, हे मी जन्माच्या दिवशीच शिकलो.

आता नीट लक्ष द्या. माझ्या आत प्रोसेसर नावाचा एक चौकोनी तुकडा आहे. सगळा विचार तोच करतो, आणि विचार केला की तापतो. (तुम्हांला हा त्रास होताना मी फारसा पाहिलेला नाही.) म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा बसवतात आणि ठोकळ्यावर पंखा. डोक्याची धग ठोकळ्यात जाते, ठोकळ्याची वाऱ्यात. या ठोकळ्याच्या तळाला चरे पडू नयेत म्हणून कारखान्यात एक पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवतात. तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलं असतं, 'बसवण्याआधी काढा'. ज्यांना अक्षरं जड जातात त्यांच्यासाठी शेजारी बाणही असतो. बुटक्या इंजिनिअर होता. त्याने पट्टीसकट ठोकळा बसवला, चार स्क्रू आवळले आणि स्वतःसाठी टाळी वाजवली.

सहा वर्षं मी भर उन्हात रेनकोट घालून पळालो, मित्रांनो.

तरी पळालो. ताई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि ती घरामागच्या खोलीत बसून लोकांना हसू पुरवते. सहा दिवस दुसऱ्यांचे दात. रविवारी सकाळी दहा वाजता मात्र ती माझ्यासमोर बसायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि रॅली, म्हणजे मोटारशर्यतीचा गेम, सुरू व्हायची. गाडी ताई चालवणार, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून बुटक्या शेजारच्या सीटवर बसून रस्ता वाचणार, म्हणजे पुढचं वळण किती अवघड ते आकड्यात सांगणार.

"डावी चार, शंभर मीटर, मग उजवी दोन. वळण कापू नकोस. ताई, कापू नकोस म्हटलं ना!"

"तू वाच. गाडी मी चालवतेय."

"गाडी तू झाडात घालतेयस."

याच बहीणभावाचं फोनवरचं बोलणं मी ऐकलेलं आहे. "जेवलास?" "जेवलो. बाबा?" "बरे आहेत." "बरं." संपलं. त्या मंगळवारबद्दल सहा वर्षांत एकानेही चकार शब्द काढला नव्हता. दोन तास वळणांविषयी भांडायचं, तेवढंच त्यांचं नातं उरलं होतं, आणि ते माझ्या आत होतं. जबाबदारीची जागा. डोक्यावर प्लास्टिक.

मग गेमची नवी आवृत्ती आली. जुनी महिनाअखेर कायमची बंद होणार, असं कंपनीने जाहीर केलं. ताईने नवी आवृत्ती माझ्यावर चालवून पाहिली. तिसऱ्या वळणाला माझं डोकं सत्त्याण्णव अंशांवर गेलं, चित्र गचके खाऊ लागलं आणि मी बंद पडलो. पलीकडे बुटक्या एकटाच रस्ता वाचत राहिला.

"तू धूळ पुसत नसशील," तो नंतर फोनवर म्हणाला. "इतकं चांगलं मशीन बनवून दिलं होतं तुला."

ताईने फोन ठेवला. नवी आवृत्ती चालली नाही, तर पुढल्या महिन्यापासून 'जेवलास?' आणि 'जेवलो' एवढंच उरणार, हे तिला कळत होतं. म्हणून माझे भाग बदलायचं ठरलं आणि घरात समिती बसली. मी टेबलाखाली होतो. माझं मत कोणी विचारलं नाही.

समितीत पहिला आवाज रॅमकाकांचा. वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ. कोणत्याही यंत्राला काहीही होवो, त्यांचं औषध एकच.

"रॅम वाढव," ते म्हणाले.

"काका, तो तापून बंद पडतो."

"मग जास्तच वाढव."

मागच्या वर्षी कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं तेव्हाही ते रॅमपर्यंत आले होते. त्यांना जेमतेम आवरलं होतं. पण या खेपेला ऐकलं त्यांचं. नवी रॅम बसली. पूर्वी मी तिसऱ्या वळणाला बंद पडायचो. आता सगळी वळणं नीट लक्षात ठेवून तिसऱ्या वळणाला बंद पडू लागलो.

मग ताईचे यजमान पुढे झाले. ते ग्रंथपाल आहेत. वाचलेलं सगळं खरं मानतात. चार दिवस लेख वाचून त्यांनी पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड निवडलं. कार्ड देखणं होतं, तीन पंख्यांचं. फक्त माझ्या पेटीपेक्षा चार बोटं लांब होतं. इतकं वाचलं, पण फूटपट्टी घेऊन माझं माप काही कोणी घेतलं नव्हतं.

"पेटी थोडी कापली तर?" यजमान करवतीकडे बघत म्हणाले.

आतल्या खोलीतून बाबा ओरडले, "त्या इस्त्रीला कापताय? आधी प्लग काढा!"

बाबा मला इस्त्री म्हणतात. मी सुरू झालो की खोली तापते म्हणून. अख्ख्या घरात रोगाच्या जवळपास गेलेला हा एकच माणूस, आणि त्याला सगळे हसायचे.

कार्ड परत गेलं. दुकानदाराने मला न बघताच निदान केलं. "नवं कार्ड घ्यायचं तर पेटी बदला. पेटी बदलताय तर बोर्डही बदलून टाका. नव्या बोर्डावर जुना प्रोसेसर बसत नाही आणि नव्या प्रोसेसरला जुनी रॅम चालत नाही."

"रॅम गेल्याच आठवड्यात घेतली हो, तुमच्याकडूनच."

"छान आहे ती. पण जुनी झाली."

"मग यातलं राहणार काय?"

"वायर राहील की!" दुकानदार उदारपणे म्हणाला.

अशा रीतीने सोमवारी मला भंगारात द्यायचं ठरलं. मी घाबरलो नाही. या लोकांची उपकरण म्हणून सेवा करण्यापेक्षा पत्रा म्हणून वितळणं बरं, असं माझं स्पष्ट मत झालं होतं. बुटक्याची तेवढी काळजी वाटली. म्हणजे, वाटली नाही. विचार येऊन गेला.

शनिवारी दुपारी ताई हातातली कवळी तशीच टाकून, कामाचा एप्रन न सोडता माझ्यापाशी आली. माझं झाकण काढलं. सहा वर्षांत पहिल्यांदा! नवी आवृत्ती सुरू केली आणि माझ्याकडे टक लावून बसली. पडद्यावर आकडा चढत होता: नव्वद, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. मी बंद पडलो. तिने पंख्याखालच्या ठोकळ्याला बोट लावलं. मग दुसरं बोट लावलं.

"अहो, इकडे या," तिने हाक मारली. "हात लावा इथे. लागतंय गरम?"

"नाही बुवा. कोमट आहे."

"खाली सत्त्याण्णव आणि वर कोमट? याचा अर्थ हा बसलेलाच नाहीये."

"चार स्क्रू आहेत की."

"कवळी पण तोंडात असतेच हो. म्हणून बसलेली असते का? पेशंट येतो, म्हणतो, टोचतंय, नवी करा. नवी नाही करायची. हिरडी आणि कवळी यांच्यात काय अडकलंय ते बघायचं."

समिती, दुकान, लेख, करवत हे सगळं झाल्यावर अक्कल आली ती दातांच्या कारखान्यातून. तिने चार स्क्रू काढले, ठोकळा उचलला, उलटा केला. लाल अक्षरं. बाण.

यजमानांनी मोठ्याने वाचलं आणि खुर्चीत बसले. ताई हसली नाही. तिने पट्टी सोलली, दुकानातून उष्णता वाहणारा लेप आणून माझ्या डोक्यावर लावला, कवळीला लावावा तसा, पातळ आणि सारखा, आणि ठोकळा जागेवर बसवला. मग संध्याकाळपर्यंत काम करता करता पुटपुटत होती. "धूळ पुसत नाहीस म्हणे! इंजिनिअर!" उद्यासाठी वाक्यं घोटून ठेवत होती. चांगली होती. दोन तर मला फारच आवडली.

रविवारी दहा वाजता रॅली सुरू झाली. तिसरं वळण गेलं. नववं गेलं. माझं डोकं अडुसष्ट अंशांवर, थंड आणि तल्लख. थंड डोक्याने पळताना असं वाटतं तर, मी म्हटलं.

"ताई! काय पळतेयस!" बुटक्या ओरडला. "कोणतं कार्ड घेतलंस शेवटी?"

ताईने गाडी हळूहळू कडेला घेतली. एका मोठ्या झाडाखाली थांबवली.

"अगं, काय करतेस? घड्याळ चालू आहे."

"तुला एक वाचून दाखवायचंय. 'बसवण्याआधी काढा.' लाल अक्षरांत आहे. बाणही आहे. ठोकळ्याखाली निघाली, शाबूत."

मी वाट पाहू लागलो. सहा वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती.

"घाईत होतो गं," बुटक्या म्हणाला.

"माहितीये."

"पट्टीचं नाही म्हणत मी." तो म्हणाला. "तिकडे पोचलो, तेव्हा बाबा ऑपरेशनला आत होते का बाहेर आले होते, तेही मला माहीत नव्हतं. आधी विचारायची हिंमत झाली नाही. मग इतके दिवस झाले की विचारायची लाज वाटली."

ताईने घोटलेलं एकही वाक्य वापरलं नाही. सगळी तयारी वाया.

"चार तास लागले," ती म्हणाली. "हे रक्त आणायला धावत होते. बाकावर मी एकटी. शेजारच्या बाईंनी चहा दिला, तर मी कपच धरून बसले. चार तास. थंडगार कप." आणि मग तिने सांगायला सुरुवात केली, ती थांबलीच नाही.

आतून काठीचा आवाज आला. "इस्त्री बंद पडली का गं?"

"नाही बाबा. बुटक्या आहे. बोलता?"

बाबा खुर्ची ओढून बसले, हेडफोन उलटे घातले, सुलटे घातले. "काय रे, केस आहेत का अजून, का गेले माझ्यासारखे?"

पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला. मग दुसरा आला. तो कसला होता, ते मी सांगणार नाही.

मित्रांनो, आता उपदेशाचे दोन शब्द. यंत्र अडलं की बाजारात धावू नका. आधी झाकण उघडा, धूळ फुंका, बोट लावून बघा, छापलेलं वाचा. तुम्हांला शाळेत घालतात ते त्यासाठीच. आमची निगा राखा. आम्ही ओरडू शकत नाही, फक्त तापू शकतो. आणि चूक सापडली तर माफी मागा. त्या घरात त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांची मागितली. माझी अजून कोणी मागितलेली नाही.

ती गाडी चाळीस मिनिटं उभी होती. मागून आलेले सगळे धुरळा उडवत पुढे गेले आणि आमचा नंबर शेवटचा लागला. आयुष्यात पहिल्यांदा पुरी ताकद मिळाली आणि काम काय, तर एका उभ्या गाडीवर झाडाची सावली सरकवत राहायचं. मूर्खपणा होता. पण ती सावली मी एकदाही अडखळू दिली नाही.