दुसऱ्या ताग्यातली कुंची

मी एक कुंची बोलतेय. तान्ह्या बाळाची नव्हे, चांगली मोठ्या माणसांची, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत येणारी. मला विकणाऱ्याने माझं नाव 'लहरकवच' ठेवलं होतं. ते नाव मी टाकून दिलंय. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मला एका माणसावर सूड उगवायचा आहे, आणि तो अजून अर्धाच झालाय.

तो माणूस म्हणजे कवचवाला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि जिभेवर साखर. काही लोकांना मोबाईल, वायफाय, टॉवर यांच्याजवळ गेलं की डोकं ठणकतं, कातडी भाजल्यासारखी होते, झोप उडते. हे कशामुळे होतं यावर डॉक्टर मंडळी आपापसात भांडतात. मी कापड, मला त्यातलं काय कळणार? पण दुखतं ते खरं दुखतं, एवढं मी अशा एका बाईच्या अंगावर बसून शिकलेय.

या लोकांसाठी धातूची तार विणलेलं, फोनच्या लहरी अडवणारं कापड मिळतं, पण ते महाग. कवचवाल्याने नेमकं तेच हेरलं. "गरिबाला परवडेल आणि पिशवीत मावेल असं कवच," अशी पाटी लावली आणि लोकांची रीघ लागली. दुखणाऱ्याला आशा दाखवणं फार सोपं असतं हो.

शिवायचं काम त्याने ताईला दिलं. ताईचं कोपऱ्यावर शिवणाचं दुकान, वर माडीवर राहायची जागा. पहिला तागा आला तो खरा होता. त्यातल्या तारेने ताईच्या कात्रीची धार घालवली. दिवसाला चार-पाच सुया मोडायच्या, बोटांवर ओरखडे उठायचे, आणि ताई दिवसभर कुरकुरत बसायची.

मग दुसरा तागा आला. तसाच करडा, तसाच चमकणारा. पण आता सुई मोडेना. कात्री लोण्यातून फिरावी तशी फिरायला लागली.

"कापड सुधारलं बाई यांनी," ताई म्हणाली आणि गुणगुणत शिवत सुटली.

सुई मोडली की शिवणारी बाई थांबते, का मोडली ते बघते. सुई मोडत नाही तेव्हा कोण कशाला बघतंय? मी त्या दुसऱ्या ताग्यातली. पडद्याला आतून लावतात ते अस्तर, वरून रुपेरी रंगाचा हात मारलेला.

आणि तेव्हा मलाही हे ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मी खरंच कवच आहे. कवचवाल्याने लोकांना फसवलं ते फसवलंच, पण मला न सांगता माझ्याच तोंडून खोटं वदवलं. हे मी विसरणार नाही.

ताईची धाकटी बहीण तिच्याजवळच राहायची. धाकटी दवाखान्यात लहान मुलांचे कान तपासायची. बंद खोली, भिंतीभर यंत्रं, समोर घाबरलेलं पोर. "आवाज आला की हात वर कर हं," असं ती दिवसातून शंभरदा म्हणायची. तिथे वायफायचा डबा बसवल्यापासून तिचं डोकं फुटायला लागलं. मोबाईल तर तिने केव्हाच सोडला होता. कोणाला तिच्याशी बोलायचं असलं तर ताईच्या नंबरवर.

ताईने सगळ्या ढिगातून सर्वांत नीट बसलेली कुंची काढली आणि धाकटीसाठी ठेवली. ती मी.

धाकटीचं आणखी एक दुखणं होतं. डोळ्यांत काचबिंदूची सुरुवात. सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब, तेही जन्मभर. ती माझे पैसे द्यायला कवचवाल्याकडे गेली तेव्हा त्याने विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" तिने खरं सांगितलं.

"छे छे, मग उपयोग नाही बाई. थेंब आतून ढकलणार आणि कवच बाहेरून ओढणार. दोन महिने थेंब बंद ठेवा. आणि फोन आत न्यायचा नाही. फोन आत गेला की कवच फुटतं."

दुसरा नियम कशासाठी होता ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. तेव्हा कोणाच्याच आलं नाही.

पहिले पंधरा दिवस धाकटी खूश होती. कामावरून आली की मला पांघरून माडीवर कोपऱ्यात बसायची. आत अंधार, कोणी हाक मारत नाही, कोणी काही मागत नाही. आजारी बाईला घरात कोणी तासभर एकटं सोडलं तर निम्मं दुखणं तिथेच उतरतं. ते श्रेय मी घेतलं. घेतलं, कबूल करते. थेंबांची बाटली मात्र फळीवर तशीच पडून होती.

मग ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली. दर वेळी डाव्याच खांद्याने. एकदा चहा कपाच्या शेजारी ओतला. "लक्ष कुठेय तुझं?" ताई हसली. धाकटीही हसली, पण पुढचा कप तिने कड बोटाने चाचपून भरला.

एके दुपारी माझी खालची टीप उसवली होती. किती दुमडायची ते बघायला ताईने दुकानातच मला स्वतःच्या अंगावर घातलं. तिचा फोन एप्रनच्या खिशात होता, ती विसरली. गुडघ्यापर्यंत मी, आत ताई, आणि ताईच्या पोटाशी फोन खणखणून वाजला.

ताईने तो आतच उचलला. अगदी स्पष्ट आवाज.

"डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतोय. तुमच्या बहिणीने दोन महिने थेंब नेले नाहीत. असं करू नका, डोळा जाईल."

मी तो फोन अडवला नाही. मला अडवताच येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लायकी कळली, आणि त्याच घटकेला मला माझं काम सापडलं.

ताईने फोन ठेवला. माझ्या काठाचा एक धागा उपसला आणि काडी ओढून त्याला लावली. खरी तार तापते, लाल होते. मी वितळले आणि काळा मणी होऊन तिच्या बोटाला चिकटले. बोट भाजलं तरी तिने हात झटकला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याची बाहेरची कड गेली. ती परत येणार नाही. उरलेली नजर थेंबांनी टिकवता येईल, आजपासून एक दिवसही चुकवायचा नाही. घरी येताना धाकटी म्हणाली, "तुला तरी कुठे माहीत होतं गं?"

"माझ्या हातांना माहीत होतं," ताई म्हणाली. "सुया मोडत नव्हत्या, आणि मी गाणी म्हणत बसले."

पुढल्या रविवारी एका शाळेच्या सभागृहात कवचवाल्याचं प्रात्यक्षिक होतं, शेजारी विकायच्या कुंच्यांचा ढीग. ताई मला पिशवीत घालून पहिल्या रांगेत जाऊन बसली. कवचवाल्याने नेहमीसारखा नमुन्याचा तुकडा काढला, पहिल्या ताग्यातला, खरा. त्यात मात्र त्याने खुशाल फोन गुंडाळला, दुसऱ्या फोनवरून लावला. फोन गप्प. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ताई उठली. "आता यात गुंडाळा," ती म्हणाली आणि मला टेबलावर ठेवलं.

कवचवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "हा आमचा माल नाही. बाजारात नकली फार आलेत."

"शिवण माझी आहे. तुमच्याकडच्या सगळ्या मीच शिवल्यात. घ्या, कोणतीही काढा त्या ढिगातली."

"मग फसवलं कोणी? हीच म्हणतेय, शिवण माझी!" तो लोकांकडे वळून म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा.

"हो, मीच शिवलंय," ताई म्हणाली. "माझ्या हाताने माझ्या बहिणीचा डोळा गेलाय. म्हणूनच आलेय. गुंडाळा फोन."

तो हलला नाही. तेव्हा मागून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. त्यांच्याही खांद्यावर माझीच एक बहीण होती. त्यांनी स्वतःचा फोन माझ्यात गुंडाळला, तीन पदर घातले, आणि शेजारणीला म्हणाले, "लावा."

मी वाजू दिला. असा वाजू दिला की सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला. कवचवाल्याचं पितळ भर सभेत उघडं पडलं. म्हाताऱ्यांनी कुंची खांद्यावरून काढली आणि त्याच्या पायाशी टाकली, मग दुसऱ्याने, मग तिसरीने. त्या ढिगात तो उभा होता तेव्हा मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही.

ताईने नंतर दुसरंच काही शिवलं, आत बसता येईल असा छोटा तंबू. खिडकीला लावतात ती अॅल्युमिनियमची जाळी दोन जुन्या चादरींच्या मध्ये घातली. घडी होते, पिशवीत मावते. आधी फोन आत ठेवून बघितला. खालून फट राहिली तर वाजतो, हे ती प्रत्येकाला तोंडावर सांगते आणि हवं त्याला शिवायला शिकवते. धाकटी त्यात बसते. "बसा खुशाल, पण थेंब घालून बसा," असं डॉक्टर म्हणाले. त्या जाळीचा मला हेवा वाटतो. ती निदान खरी आहे.

बहिणींनी तक्रार केली, आणि मी आता पुरावा म्हणून ग्राहक न्यायालयाच्या कपाटात आहे. प्लास्टिकची पिशवी, वर लाख, लाखेखाली नंबर. तारखांवर तारखा पडताहेत. कवचवाल्याचा वकील दर वेळी मुदत मागतो. धाकटी येते, डावीकडून कोणी आलं तर दचकते, आणि पुढची तारीख घेऊन परत जाते. सगळं लांबवायचं, माणसं थकतील, वस्तू खराब होतील, असा त्याचा हिशेब आहे.

तुम्हाला एवढंच सांगते, औषध बंद करायला लावून कोणी काही विकत असेल तर आधी त्याच्या दारातून बाहेर पडा. बाकीचं मी बघते.

खरं कापड असतं तर या दमट कपाटात त्याची तार काळी पडली असती, चार पावसाळ्यांत विरून गेली असती. पण त्याने पैसे वाचवायला प्लास्टिकचा धागा निवडला. मला कसर लागत नाही, उंदीर तोंड लावत नाहीत, मी कुजत नाही. मागा म्हणावं हव्या तेवढ्या मुदती. मला काही घाई नाही.