तिसरा ड्रम

देवासच्या आमच्या औषध कारखान्यात खंडेनवमीला इन्फ्रारेड मशीनची पूजा होते. लॅबचे प्रमुख गणपतराव, माझे सख्खे मामासाहेब, तिला हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. घरच्या पाच तलवारींचा नियम तिलाही: पुजलेलं शस्त्र त्या दिवशी हातात घ्यायचं नाही. तलवारी तर शंभर वर्षं हा नियम रोज पाळताहेत.

दसऱ्यानंतर मी राखीव नमुने मशीनवर लावले. पहिला ड्रम बरोबर, दुसरा बरोबर. तिसऱ्याच्या आलेखात आठशेतीसच्या आकड्याजवळ एक खोल खड्डा हवा होता. त्याऐवजी सातशेसत्तर आणि सहाशेनव्वदजवळ दोन. म्हणजे पॅरासिटामॉलचा कच्चा माल, पॅरा-अॅमिनोफेनॉल, नव्हतंच. मेटा होतं. तेच अणू, तितकेच, वजनही तेच; फक्त अणूंचा एक गट रेणूच्या कड्यावर एक घर सरकून बसलेला. काट्याला हे कळत नाही. इन्फ्रारेडखाली दोघं वेगवेगळे थरथरतात. गोळी गिळणाऱ्यालाही फरक कळतो, पण तो आलेख छापून देत नाही.

फाइलमध्ये मात्र तिसऱ्या ड्रमचा आलेख निर्दोष होता. पहिल्याशी इतका जुळत होता, की छपाईची वेळसुद्धा तीच.

"मामासाहेब, याच्यावरची सही नवमीची आहे."

त्यांनी चष्मा काढला. "ट्रक उभा होता. एकाच लॉटचे तीन ड्रम, दोन आदल्या दिवशीच तपासलेले. म्हटलं, भाऊ-भाऊच आहेत."

"धारच्या प्लांटवर तो उद्या उघडतील."

त्यांच्या निवृत्तीला एकवीस दिवस होते. निरोपाचं भाषण माझ्याकडेच होतं. मी त्यात 'काटेकोर' हा शब्द चारदा घातला होता.

"माझं नाव सांगू या," मी म्हणालो. "मी घोळ केला तर कुणाला आश्चर्य वाटणार नाही."

"गप, राजवीर. सही माझी आहे."

धारचं गोदाम मामासाहेबांचे जुने स्नेही शिवाजीराव यांचा मुलगा शौर्य बघतो. आपलं घराणं, म्हणून मामासाहेबांनी त्याला शुद्ध मराठीत सांगितलं, की आमच्या हातून प्रमाद घडला आहे, तिसऱ्या ड्रमास कुणी हात लावू नये. पूर्ण दोन मिनिटं, उभं राहून.

"सॉरी अंकल," फोनमधून आवाज आला, "थोडा हिंदी में बता दो ना."

मामासाहेब खाली बसले.

"बेटा, तीसरा ड्रम मत खोलना. मैंने बिना जाँचे साइन कर दी."

हिंदीत ते फारच छोटं निघालं.

ड्रम थांबला. संध्याकाळी चौकशीचा फॉर्म आला. चूक कशामुळे झाली: यंत्र, पद्धत, माल, माणूस, एकावर खूण करा. नवमीचा रकाना नव्हता. मामासाहेबांनी एकदा मशीनकडे पाहिलं. तिच्यावर अजून कुंकू होतं.

त्यांनी माझं पेन मागून घेतलं आणि 'माणूस'वर खूण केली.