दोन ताटल्या मीठ

शेडात न्याहारीला बसताना बनाबाईनं मिठाच्या डब्यात बोट घातलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. मिठाला ओल आली होती. बाहेर आभाळही झाकोळलेलं.

"भावजी, चारी बाजूंचे पडदे सोडा," तिनं दिराला, कोंडीबाला, सांगितलं. "हवेत ओल हाय."

तासगावच्या माळावरच्या त्या शेडात कालच द्राक्षं पसरली होती, जाळ्यांवर जाळ्या पार छपरापर्यंत. पंधरा दिवसांत त्यांचा हिरवा बेदाणा व्हायचा. ओल राहिली तर माल काळवंडणार. यंदा पहिल्यांदाच सगळं बनाबाईच्या शब्दावर चाललं होतं आणि थोरल्या जावेनं गावभर सांगून ठेवलं होतं की, मेंढरं वळणारीला बेदाण्यातलं काय कळतंय. त्या बाईच्या हातावर काळा बेदाणा ठेवण्यापेक्षा बनाबाईनं शेड पेटवून दिली असती.

कोंडीबानं प्लास्टिकचे पडदे सोडले. तेवढ्यात सातवीतली नात राणी आली. शाळेतून मागून आणलेल्या दोन तापमापकांची फळी तिच्या हातात होती. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं.

"ह्याला लंगोट का गं नेसवलास?" बनाबाईनं विचारलं.

"आजे, फडक्यातलं पाणी उडून जातं तवा फुगा गार होतो. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आन् पारा लय खाली जातो. हवेत बाष्प गच्च असलं की पाणी उडता उडत न्हाई. मग दोन्ही पारे जवळजवळच ऱ्हात्यात."

राणीनं आधी फळी बाहेर टांगली. दोन पाऱ्यांत आठ अंशांचा फरक. मग आत टांगली आणि थोडं थांबली. फरक तीनच.

"आजे, बाहेरची हवा कोरडी हाय. ओल आत हाय. द्राक्षं सुकत्यात म्हंजे त्यांचंच पाणी हवेत जातंय. पडदे सोडून तू ते कोंडलंस."

कोंडीबा उपरण्यात तोंड खुपसून हसला.

"भावजी, दात पडायला आले तुमचे, झाकून ठेवा," बनाबाई म्हणाली. मग राणीकडं वळली. "आन् तुझी नळी मला शिकवणार व्हय? माझ्या मिठानं मला कवा फसवलं न्हाई."

"मीठ खरंच बोललं की. पण ते रातभर शेडात द्राक्षांजवळच होतं."

बनाबाई उठली, चूल पेटवली आणि तव्यावर मीठ कोरडंठाक भाजलं. दोन ताटल्यांत पसरून एक शेडात ठेवली, दुसरी बाहेर बाजेवर. मग तिथंच राखण करत बसली.

"वैनी, मीठ कोण चोरतंय?" कोंडीबानं विचारलं.

"शेळी चाटून गेली म्हंजे ह्या पोरीच्या शाळंचं वाटोळं."

तास-दीड तास गेला. बाहेरचं मीठ बोटांतून सुळसुळ खाली पडलं. आतलं ताटलीला चिकटून बसलेलं. बनाबाईनं दोन्हींत पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि पदराला पुसलं.

"पडदे वर करा."

"सकाळी तर तुमीच—"

"सकाळी सकाळ हुती. आता दुपार झाली. पाऊस आलाच तर सोडायला हात हायत की तुमचे."

पडदे गुंडाळले तसा वारा जाळ्यांमधून आरपार वाहू लागला. थोड्या वेळानं राणीनं आतल्या दोन पाऱ्यांतला फरक वाचला. सात. पाऊस आलाच नाही, ढग कुंडलच्या अंगाला निघून गेले. फळी मात्र आजीनं खांबाला पक्की बांधून घेतली.

पंधरा दिवसांनी जाऊ आली. तिनं हिरवागार बेदाणा मुठीत घेतला, उजेडात धरला, चावून पाहिला.

"कुणाला इचारून केलंस गं?"

"मिठाला," बनाबाई म्हणाली. जरा थांबून तिनं खांबाकडं हनुवटी केली. "आन् माझ्या नातीच्या त्या लंगोटवाल्याला."

जावेनं दुसरी मूठ उचलली.