जयरामच्या गळ्यातला लाल टॅग

हरिश्चंद्र घाडीला आयुष्यात दोनच गोष्टी धड येत होत्या: परांची बांधणं आणि बांधलेल्या परांचीवर संशय घेणं. कुवेतमध्ये बारा वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. त्यामुळे शुक्रवारी सकाळी कांदा चिरता चिरता खोलीतला जोडीदार जयराम "मला आता जगायचं नाही रे" असं म्हणाला, तेव्हा हा बाबा पुरता गडबडला.

"म्हणजे जीव द्यायचा विचार येतो?" त्याने सरळच विचारलं.

"रोज येतो," जयराम म्हणाला.

हरिश्चंद्रने आधी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेला कांदा स्वतः चिरला.

यामागचं कारण सगळ्या खोलीला ठाऊक होतं. दीड महिन्यापूर्वी अम्गरा भागातल्या यार्डात एक ट्रेलर मागे येता येता परांचीवर आदळला आणि वर काम करणारा शत्रुघ्न गेला. चूक ड्रायव्हरची, असं चौकशीत स्पष्ट लिहून आलं. पण त्या सकाळी परांची तपासून 'सुरक्षित' म्हणून हिरव्या टॅगवर सही केली होती जयरामने. तेव्हापासून त्याने पेनाला हात लावला नव्हता. चांगला बारावी झालेला माणूस, हजेरीच्या वहीत अंगठा उठवायचा!

समजूत घालायला शब्द लागतात, ते हरिश्चंद्रपाशी कुठले! टॅग मात्र ढीगभर होते. त्याने हत्यारांच्या पेटीतून एक लाल टॅग काढला, त्यावर लिहिलं: 'वापर बंद. एकटं सोडू नये. तपासणी दर सात दिवसांनी.' खाली सही ठोकली आणि तो जयरामच्या गळ्यात अडकवला.

"मेल्या, मी काय परांची आहे?"

"बिघडली म्हणून परांची भंगारात टाकतो का आपण? टॅग लावतो, शेजारी माणूस उभा करतो, दुरुस्त करतो. गप बस."

आता गंमत बघा. लाल टॅगशी हुज्जत घालायची नाही, हे या लोकांच्या हाडीमाशी खिळलेलं. खोलीतल्याच भटकळच्या हारूनने काही न विचारता जयरामच्या खाटेभोवती धोक्याची पिवळी पट्टी गुंडाळली. पहाऱ्याच्या पाळ्या भिंतीवर लागल्या. जयराम न्हाणीघरात गेला की बाहेरून खोलीतला प्रसन्न नावाचा पोरगा दर दोन मिनिटांनी दार ठोठावून ओरडायचा, "सेफ?" आतून जयराम चिडून ओरडायचा, "सेफ!" तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोल्यांतले बंगाली आणि इजिप्तचे मिसरी लोकही सलामाऐवजी त्याला "सेफ?" विचारू लागले.

रविवारी हरिश्चंद्र रजा टाकून त्याला इस्पितळात घेऊन गेला. ईसीजी काढायला नर्स टॅग काढू लागली, तर हा आडवा. "सही माझी आहे, सिस्टर. काढीन तर मीच." मल्याळी डॉक्टरीणबाईंनी टॅग नीट वाचला, मग जयरामशी तासभर बोलल्या. गोळ्या दिल्या, दर रविवारी यायला सांगितलं आणि हरिश्चंद्रला हिंदीत म्हणाल्या, "जो लिखा है, वही करो." गोळ्यांची डबी हारूनच्या ताब्यात गेली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी पहारा हरिश्चंद्रचा होता. आठवडाभर साइट आणि जागरण, बसल्या बसल्या डोळा लागला. उघडून बघतो तर खाट रिकामी, पिवळी पट्टी खाली पडलेली.

तो ताडकन उठला. तसाच न्हाणीघराकडे धावला, दार ठोठावलं. "सेफ? जयराम, सेफ?" उत्तर नाही. दार ढकललं, आत कोणी नाही. "देवा रे, झोपलो कसा मी!" म्हणत तो स्वयंपाकघरात शिरला.

जयराम मेजाशी बसला होता. समोर तो लाल टॅग, हातात पेन. शेजारी हारून तांदूळ निवडत बसला होता. एकटं सोडू नये, म्हणजे नये.

"सात दिवस झाले," जयराम म्हणाला. "तपासणी राहिली होती. तू घोरत होतास."

"हिरवा लावायचा?" हरिश्चंद्रने धापा टाकत विचारलं.

"छे. लालच राहू दे. अजून विचार येतात." त्याने पेन टेकवलं, थांबला, पुन्हा टेकवलं. वाकडीतिकडी का होईना, सही झाली. मग खाली 'पुढची तपासणी' असा रकाना होता, तोही त्याने भरला आणि टॅग हरिश्चंद्रपुढे सरकवला.

हरिश्चंद्रने वाचलं. पुढच्या शुक्रवारची तारीख होती. त्याने ती पुन्हा वाचली आणि बारा वर्षं कुणापुढे न रडलेला तो माणूस तिथेच भोकाड पसरून रडला.

"सेफ?" जयरामने त्याला विचारलं.