अक्काच्या रेडिओचं खोकं

खंडेनवमीच्या सकाळी मी माझी हत्यारं पुसून पाटावर मांडली होती. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, सोल्डरिंगची कांडी. तांब्यात बोट बुडवलं, कुंकवाला लावलं आणि टेस्टरवर टेकवणार, तेवढ्यात हात जागच्या जागी थांबला. उंद्रीला अक्काही आत्ता हेच करत असणार.

कुंकू तसंच बोटाला ठेवून मी दुकानाची फळी लावली आणि टेस्टर खिशात टाकून स्टँडकडे पळालो.

देऊळगाव राजाच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्या दिवसांत गावोगावी नवी लाइट आली होती आणि सेल महाग पडत, म्हणून एलिमिनेटरला फार मागणी होती. एलिमिनेटर म्हणजे सेलऐवजी घरच्या लाइटवर रेडिओ चालवायचं खोकं. चांगल्या खोक्यात ट्रान्सफॉर्मर असतो. भिंतीतली लाइन आणि रेडिओ यांची तो गाठच पडू देत नाही. त्याला अठरा रुपये जास्त लागत. गिऱ्हाईक म्हणे, निवृत्तीभाऊ, अठरा रुपये कशाचे? आवाज तर तोच! मग मीही तसं म्हणायला लागलो. ट्रान्सफॉर्मर नसला तरी रेडिओ वाजतोच, कानाला काही कळत नाही. फक्त पिन उलटी बसली, की रेडिओच्या पत्र्यात सरळ लाइन उतरते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण केसरबाई. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, वांगी-मिरच्या विकून शिकवलं. दुष्काळानंतरच्या वर्षी विहिरीला पाणी आलं, भाजीला भाव आला आणि तिनं पत्र्याच्या जाळीचा एक सुरेख रेडिओ घेतला. राखीला मी तिला खोकं बनवून नेलं. स्वस्तातलं, बिनट्रान्सफॉर्मरचं. चांगलं खोकं दुकानात तयार होतं हो, पण ते डॉक्टरांच्या ऑर्डरचं होतं. बहिणीला काय, चालतं, असं मला वाटलं. आज हे सांगतानाही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तिच्या पिनेवर मी लाल रंगाचा ठिपका दिला आणि बजावलं, ठिपका कायम वर. तिनं ‘हाव’ म्हणत मान डोलावली. दोन महिने ठिपका वर राहिला असणार, कारण तक्रार आली नाही.

पण दोनच दिवसांपूर्वी शेषराव शिंपी आपलं खोकं परत घेऊन आला होता. त्याच्या बायकोनं ओल्या फडक्यानं रेडिओ पुसला आणि ती हातभर मागं फेकली गेली. तळव्याला काळा डाग पडला होता. मी हसून म्हणालो, पिन फिरवा, बाकी काही नाही. तो गेला आणि मी चहा मागवला. खंडेनवमीला घरोघरी प्रत्येक यंत्र सोडवतात, ओल्या फडक्यानं पुसतात, ओल्या बोटानं कुंकू लावतात, हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही.

स्टँडवर चिखलीची गाडी उभी होती, पण ड्रायव्हर-कंडक्टर तिची पूजा करत होते. बोनेटला झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. आधी नारळ फुटेना, मग आरती लांबली. मी कंडक्टरला म्हटलं, सोडा ना राव गाडी, माझ्या बहिणीच्या जिवावर बेतलंय. काय झालं तिला, त्यानं विचारलं. मी प्रसादाचं खोबरं हातात घेऊन खिडकीशी बसलो आणि ते घामानं भिजून गेलं.

चिखलीला गाडी बदलली. उंद्रीपर्यंतच्या रस्त्यात मला एकच चित्र दिसत राहिलं. शेणानं सारवलेली ओली जमीन, अनवाणी पाय आणि अक्काची ओली बोटं. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण त्या दिवशी वाटेतल्या प्रत्येक देवळाला हात जोडले.

गावात शिरलो. अक्काच्या घरासमोर चपलांचा ढीग दिसला. एवढी माणसं घरापुढं कधी जमतात, ते कुणाला सांगायला नको.

पण रडण्याचा आवाज नव्हता. आतून रेडिओ वाजत होता.

ओसरीवर शेजारच्या शालूबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळे पुसत मला हळूच सांगितलं, "निवृत्तीभाऊ, केसरबाईच्या घरी देवी आली."

सकाळी अक्कानं पाटावर बसून रेडिओला कुंकू लावलं, तेव्हा तिच्या बोटातून खांद्यापर्यंत मुंग्या आल्या होत्या. नवरात्र, नववी माळ, आणि रेडिओवर नेमकं देवीचं गाणं. तिनं सासूला, तानुबाईंना बोलावलं. त्यांनाही मुंग्या आल्या. मग आळीतल्या बाया एकेक करून पाटावर बसल्या, जाळीला हात लावला, शहारल्या आणि नवस बोलून उठल्या. शालूबाई सगळं भक्तिभावानं सांगत होत्या आणि मला थंडी वाजत होती. तो पाट कोरड्या सागवानी लाकडाचा होता. तेवढ्या बोटभर लाकडानं त्या बायकांना जिवंत ठेवलं होतं.

मी आत डोकावलो. रेडिओला झेंडूची माळ. पिनेवर माझा लाल ठिपका खाली आणि वरच्या बाजूला अक्काचा कुंकवाचा ठिपका. दोन्ही अगदी सारखे, म्हणूनच पिन उलटी बसली होती. पाट मात्र कुणीतरी उचलून भिंतीला लावला होता.

"पाट काऊन काढला?" मी विचारलं.

केसरबाईचा नवस मोठा आहे, म्हणून ती ओलेत्यानं, बिनपाटाची येऊन राह्यली, असं शालूबाई म्हणाल्या.

आणि अक्का न्हाणीतून निघालीच. डोक्यावरून पाणी घेतलेलं, लुगडं अंगाला चिकटलेलं, पदरातून धार गळत होती. नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटत होते. तिचे डोळे मिटलेले, हात पुढं. रेडिओच्या आवाजात माझी हाक तिला ऐकू गेली नसती. बायकांच्या गर्दीतून तिच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. दारामागं मेन स्विच होता. मी त्याचा दांडा धरून खाली ओढला.

रेडिओ गप्प झाला. पुढच्याच क्षणी अक्काचा हात जाळीवर पडला.

ती हात तसाच ठेवून उभी राहिली. मग दुसरा हात ठेवला. काहीच होईना. तिनं डोळे उघडले, तेव्हा तिचा चेहरा पाहवत नव्हता. बायका कुजबुजू लागल्या. तानुबाई पुढं आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साऱ्याइले पावली अन् तुया हातानं गेली. तुयंच काई चुकलं असन."

मी दारामागं होतो. स्विच ओढताना मला कुणी पाहिलं नव्हतं. गुपचूप ते खोकं काढून न्यावं आणि उद्या चांगलं आणून द्यावं, एवढं सोपं होतं. अक्का जगली, सुटलो, असं वाटून मी श्वासही सोडला होता. पण ती हात जोडून सासूला सांगत होती, "म्या काई पाप नाई केलं हो मामी. म्या त मह्या भावाच्या दुकानासाठी नवस बोलली. त्याच्या हाताले यश दे म्हणलं."

मग मात्र मला राहवलं नाही. मी पुढं झालो. अक्काला बाजूला घेतलं, पाट टाकून त्यावर उभा राहिलो आणि शालूबाईंना स्विच वर करायला सांगितलं. खिशातला टेस्टर जाळीला लावला. टेस्टरच्या मुठीतला दिवा लाल पेटला.

"अक्का, देवी नव्हती," मी म्हणालो. "लाइन आहे ही. पाट नसता तर एकही बाई उठली नसती. माह्या खोक्यात खोट आहे."

अक्काच्या पदराचं पाणी टपटपत होतं.

"तुले माईत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग चांगलं काऊन नाई देलं?"

"त्याले अठरा रुपये जास्त लागतात."

तिनं खोलीभर नजर फिरवली. एकेका बाईवर ती थांबत होती, सासूवर थांबली, शालूबाईंवर थांबली. ओठ हलत होते, बाजारात भाजीच्या पाट्यांचा हिशेब करताना हलतात तसे. तोंडी हिशेबात तिला कुणी हरवत नसे.

"आमी बारा जणी," ती म्हणाली. "म्हंजे माणशी दीड रुपया."